वाचकांचे प्रश्न : तारेचे इंटरनेट आणि घरचा लिनक्स कॉम्प्युटर

विंडोज १० ला मिळणारा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आणि त्यानंतर जुन्या पण धडधाकट कॉम्प्युटरांवर लिनक्स बसवणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे वाढली. त्यांपैकी तारेने जोडलेल्या इंटरनेटविषयीची पत्रे या अंकासाठी एकत्र घेतली आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि पत्ते इंग्रजी अंकांत टंकावेत.

प्रश्न : आमच्या गावात फायबर आले तेव्हा केबलवाल्याने भिंतीवर पांढरा डबा बसवला आणि त्याला जोडून आम्ही विकत आणलेला वायफाय राउटर ठेवला. मोबाइल व्यवस्थित चालतात. जुन्या डेस्कटॉपवर भाच्याने लिनक्स मिंट बसवून दिले. त्यात वायफाय नसल्यामुळे पांढऱ्या डब्याच्या रिकाम्या पोर्टमधून तार ओढली, पण चिन्ह काही वेळ फिरते आणि जोडणी अयशस्वी झाल्याचा संदेश येतो. शेवटी भाच्याने हाताने १९२.१६८.१.५० हा पत्ता भरला. आता ‘जोडलेले’ असे दिसते, तरी एकही पान उघडत नाही. त्याच तारेला विंडोजचा लॅपटॉप लावला तर त्यात १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. लिनक्स काढून टाकावे का?
— एक शिक्षिका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : लिनक्स काढू नये, त्याचा यात काहीही दोष नाही. तोच लॅपटॉप त्याच तारेला लावून पाहिलात, हे फार चांगले केलेत, कारण दोष कुठे आहे ते त्यानेच दाखवले. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता कोणी दिलेला नसतो. पत्ता मागूनही समोरून उत्तर आले नाही की विंडोज तो स्वतःच स्वतःला घेते. मिंटमधील नेटवर्क मॅनेजर अशा वेळी सुमारे ४५ सेकंद वाट पाहतो आणि जोडणी झाली नाही असे सरळ सांगतो. म्हणजे दोन्ही यंत्रे एकच गोष्ट सांगत आहेत : तार जिवंत आहे, पण पलीकडे पत्ता वाटणारे कोणी नाही.

तसे का, हे आपल्या घरातील जोडणीवरून कळते. पांढरा डबा, ज्याला ओएनटी म्हणतात, तो फायबरमधून प्रकाशाने आलेली माहिती तारेत आणतो. केबलवाल्याने तो ‘ब्रिज’ पद्धतीने लावला असेल तर त्याचे काम तिथेच संपते. युजरनेम आणि पासवर्ड वापरून होणारी पीपीपीओई जोडणी मग आपला राउटर करतो, आणि घरातील उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, तेही तोच करतो. मोबाइल राउटरवर असल्यामुळे चालतात. डेस्कटॉप मात्र राउटरला टाळून थेट डब्याला जोडला गेला आहे. तार डब्यातून काढून राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावावी. राउटरवर वॅन नावाचे एक पोर्ट असते, बहुधा वेगळ्या रंगाचे. त्यात डब्याकडून येणारी तार आहे, तिला हात लावू नये. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर तेवढी लांब तार ओढावी. डेस्कटॉपवरच पीपीपीओईचे युजरनेम भरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण बऱ्याच ठिकाणी एका ग्राहकाला एका वेळी एकच जोडणी मिळते आणि मग घरातील मोबाइल बंद पडतात.

भाच्याने हाताने पत्ता भरला, त्याने दोष दूर न होता नुसता झाकला गेला. पत्ता हाताने भरला की नेटवर्क मॅनेजर कोणाला काही विचारत नाही. पोर्टमध्ये तार आहे आणि पत्ता भरलेला आहे, एवढ्यावर तो ‘जोडलेले’ असे दाखवतो. म्हणून तार बदलल्यावर तो पत्ता काढणे आवश्यक आहे. नेटवर्कच्या चिन्हावरून सेटिंग्जमध्ये जावे, तारेच्या जोडणीसमोरचे दातेरी चाक दाबावे, आयपीव्ही४ या भागात ‘ऑटोमॅटिक, डीएचसीपी’ निवडून आधीचे आकडे पुसावेत आणि जोडणी एकदा बंद करून पुन्हा चालू करावी. घरगुती कॉम्प्युटरला बहुतेक वेळा याहून अधिक काही करावे लागत नाही.

पुढे कधी अडले तर तपासणी तळापासून वर न्यावी आणि खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीवर काही बदलू नये, असा माझा आग्रह आहे. आधी पोर्टजवळचे दिवे पाहावेत. ते दोन्ही टोकांना बंद असतील तर दोष बहुधा तारेत, कनेक्टरमध्ये किंवा पोर्टमध्ये आहे आणि सेटिंग्ज कितीही बदलल्या तरी उपयोग नाही. टर्मिनलमध्ये ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ ही आज्ञा दिली की तेच शब्दांत दिसते : ‘अनअव्हेलेबल’ म्हणजे बहुधा तारच लागलेली नाही, ‘डिसकनेक्टेड’ म्हणजे तार आहे पण जोडणी सुरू नाही. तिथे पोर्टचे नाव ‘ईएनपी३एस०’ अशा धाटणीचे दिसेल. त्यातील आकडे ते कार्ड मदरबोर्डवर कुठे बसले आहे ते सांगतात. २०१३ पासून लिनक्समध्ये ही नावे रुळली. जुन्या सूचनांत सर्वत्र ‘ईटीएच०’ असते, आणि ते तसेच उतरवले की असे उपकरणच नाही असे उत्तर मिळते व माणूस विनाकारण घाबरतो.

त्यानंतर ‘आयपी ॲड्रेस’ या आज्ञेने पत्ता मिळाला आहे का ते पाहावे आणि ‘आयपी रूट’ या आज्ञेने ‘डिफॉल्ट व्हाया’ या शब्दांपुढे कोणता पत्ता आहे ते पाहावे. तो राउटरचा पत्ता असतो, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. ही आपल्या घराच्या जाळ्याची वेस समजावी. बाहेरगावी जाणारी प्रत्येक गोष्ट तिच्यातूनच जाते. ‘पिंग’ लिहून पुढे तो पत्ता दिला आणि उत्तर आले, तर घरातील तार आणि सेटिंग्ज दोन्ही ठीक आहेत. मग ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक पत्त्याला पिंग करावे. वेस उत्तर देते आणि हा पत्ता देत नाही, असे असेल तर दोष घराबाहेर असण्याचीच शक्यता अधिक, आणि केबलवाल्याला फोन करणे योग्य. आकड्यांचा पत्ता उत्तर देतो पण संकेतस्थळाचे नाव देत नाही, असे असेल तरच डीएनएसकडे, म्हणजे नावावरून आकड्यांचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेकडे, वळावे. त्यासाठी आयपीव्ही४ च्याच भागात डीएनएसपुढील ‘ऑटोमॅटिक’ बंद करून १.१.१.१ आणि ८.८.८.८ हे पत्ते स्वल्पविराम देऊन लिहिता येतात.

प्रश्न : घरापासून गोठ्याशेजारच्या खोलीपर्यंत सुमारे ७० मीटर लॅन केबल उघड्यावरून, कडुनिंबाच्या झाडाला बांधून नेली होती. तिथल्या उबुंटू कॉम्प्युटरवर हिशेब आणि मुलाचा अभ्यास चालतो. योजना २०० मेगाबिटची असून वेग कधी ९५ च्या वर गेला नाही. जूनमधील पहिल्याच वादळात वीज कडाडली आणि त्यानंतर कॉम्प्युटरचे पोर्ट मेले. नवीन केबल टाकण्यापूर्वी काय काळजी घ्यावी?
— एक शेतकरी, ता. सेलू, जि. वर्धा

उत्तर : नवीन तांब्याची केबल तिथे टाकूच नये. दोन वेगवेगळ्या इमारतींमध्ये, मोकळ्या रानातून, त्यातही झाडाच्या आधाराने नेलेली तांब्याची तार हा विजेच्या दिवसांत यंत्राला धोका आहेच, पण त्या खोलीत बसणाऱ्या आपल्या मुलालाही धोका आहे. वीज केबलवरच पडावी लागते असे नाही. जवळ कुठेही पडली तरी लांब तारेत हजारो व्होल्टचा झटका निर्माण होऊ शकतो, शिवाय घराची आणि गोठ्याची जमीन त्या क्षणी एकाच विद्युत पातळीवर राहत नाही, आणि तो फरक तारेतून वाट काढतो. नेटवर्क पोर्टमध्ये बसवलेला छोटा ट्रान्सफॉर्मर साधारण १,५०० व्होल्टपर्यंतचा फरक सहन करील अशा बेताने बनवलेला असतो. आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरीस आणि मृगाच्या आसपास येणाऱ्या वादळांपुढे तेवढे संरक्षण पुरत नाही.

त्याऐवजी दोन इमारतींमध्ये फायबर टाकावे. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरमधील प्रकाश आणि लॅन केबलमधील विजेचे संकेत यांची अदलाबदल करणारा छोटा डबा, लावला की इकडे राउटरला आणि तिकडे कॉम्प्युटरला मीटर-दीड मीटरची साधी लॅन केबल पुरते. मीडिया कन्व्हर्टर गिगाबिटचे, म्हणजे १,००० मेगाबिटचे, घ्यावेत. एकाच धाग्यावर चालणारे घेतले तर ते ‘ए’ आणि ‘बी’ अशा जोडीनेच घ्यावे लागतात, कारण एक ज्या रंगाच्या प्रकाशात पाठवतो त्या रंगात दुसरा ऐकतो. दोन ‘ए’ आणले तर दिवा लागत नाही. फायबर दोन्ही टोकांना कनेक्टर बसवून हव्या त्या लांबीत तयार मिळते, त्यामुळे गावात जोड देणारा माणूस नसला तरी अडत नाही. घेताना एवढेच विचारावे की आत किंवा बाजूला लोखंडी तार आहे का. पुष्कळ केबलमध्ये ताण सोसण्यासाठी पोलादी तार असते, आणि ती घरात आणली तर फायबर टाकण्याचा हेतूच निघून जातो. ताण सोसण्यासाठी बिनधातूचा दांडा असलेला प्रकार मागावा. लिनक्समध्ये यासाठी कोणतीही सेटिंग करावी लागत नाही, कॉम्प्युटरला ती नेहमीची तारेचीच जोडणी दिसते. विजेचा झटका वीजपुरवठ्याच्या तारेतूनही येतो, म्हणून आभाळ भरून आले की दोन्हीकडचे प्लग काढून ठेवावेत, आणि गडगडाट जवळ आल्यावर तारांना हातही लावू नये. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप परिसरात पडणाऱ्या विजांची सूचना देते. ते घरातील एका तरी मोबाइलवर असावे.

वेगाचे कारण वेगळे होते. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांतील दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतील एखादी तार तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, तर जोडणी पुष्कळदा १०० वर उतरून चालू राहते आणि प्रत्यक्षात ९५ च्या आसपास वेग मिळतो. ‘सुडो ईथटूल’ लिहून पुढे पोर्टचे नाव दिले की ‘स्पीड’ या ओळीत ठरलेला वेग दिसतो. तो हाताने १,००० करण्याची खटपट करू नये; तारेवरील गिगाबिटला दोन्ही टोकांनी आपसात बोलून वेग ठरवणे अनिवार्यच असते. १०० मीटरची मर्यादा आपण ओलांडली नव्हती, त्यामुळे अंतर हे कारण नसावे. स्वस्त केबलमध्ये शुद्ध तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते, ते वाऱ्याने हलून लवकर तुटते, आणि झाडाला बांधलेल्या केबलचे तसे झाले असण्याचा बराच संभव आहे.

मेलेल्या पोर्टसाठी मदरबोर्ड बदलू नये. यूएसबीला लागणारे गिगाबिट लॅन ॲडॉप्टर घ्यावे. रिअलटेकची आरटीएल८१५३ किंवा एएसआयएक्सची एएक्स८८१७९ ही चिप असेल तर तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच असतो. जुन्या यूएसबी २ पोर्टची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट आहे, म्हणजे आपल्या योजनेला ते पोर्टही पुरेल.

प्रश्न : माझ्या सेवा केंद्रात मिंटचे दोन कॉम्प्युटर आणि तारेने जोडलेला एक प्रिंटर आहे. दिवसातून अनेकदा विजेची लाइन जाते, आणि आली की प्रिंटर सापडत नाही. सातबारा, दाखले यांसाठी लोक रांगेत उभे असतात. शिवाय मागच्या खोलीत दुसरा राउटर लावला आहे, तिथून तर प्रिंटर कधीच दिसत नाही.
— एक केंद्रचालक, ता. साकोली, जि. भंडारा

उत्तर : राउटर पत्ते ठरावीक मुदतीसाठी देतो. लाइन गेल्यावर पुष्कळ राउटर कोणाला कोणता पत्ता दिला होता ते विसरतात, आणि परत आल्यावर जो आधी मागेल त्याला पहिला मोकळा क्रमांक मिळतो. प्रिंटरचा पत्ता बदलतो, कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतात. कॉम्प्युटर ‘ऑटोमॅटिक’वरच ठेवावेत आणि फक्त प्रिंटरचा पत्ता पक्का करावा. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ हा पर्याय असेल तर प्रिंटरचा मॅक क्रमांक, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, लिहून त्याला कायमचा पत्ता देता येतो, आणि हाच मार्ग उत्तम, कारण सारी नोंद एका ठिकाणी राहते. तो नसेल तर राउटर कोणत्या क्रमांकांमधून पत्ते वाटतो ते पाहावे. समजा १०० ते १९९ मधून वाटत असेल, तर प्रिंटरवरच १९२.१६८.१.२० हा पत्ता, २५५.२५५.२५५.० हा मास्क आणि राउटरचा पत्ता गेटवे म्हणून भरावा. वाटपाच्या हद्दीतील पत्ता हाताने दिला तर कधीतरी दोन उपकरणांकडे एकच पत्ता येतो, आणि तो घोळ शोधण्यात दिवस जातो. त्यानंतर दोन्ही कॉम्प्युटरांवरील जुना प्रिंटर काढून नव्या पत्त्याने पुन्हा जोडावा.

मागच्या खोलीतील राउटरने स्वतःचे वेगळे जाळे उभे केले आहे, म्हणून तिथून पुढच्या खोलीतला प्रिंटर शोधला तरी सापडत नाही. त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर गोंधळ अधिकच वाढतो. त्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करावा, त्यातील डीएचसीपी बंद करावे आणि पुढून येणारी तार त्याच्या वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये लावावी, म्हणजे दोन्ही खोल्यांचे जाळे एकच होईल. डबा आणि राउटर यांच्यासाठी छोटे डीसी यूपीएस मिळतात. दोन्हींच्या ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट पाहून तसे घेतले तर लाइन गेली-आली तरी ही उपकरणे बंद पडणार नाहीत.

प्रश्न : डेबियन या लिनक्सची लहान आवृत्ती आधी बसवली आणि डेस्कटॉप नंतर घातला. इंटरनेट चालते, पण चिन्हात तारेची जोडणी ‘अनमॅनेज्ड’ दिसते आणि काहीच बदलता येत नाही.
— एक विद्यार्थी, चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : बसवताना त्या पोर्टची नोंद ‘ईटीसी’ फोल्डरमधील ‘नेटवर्क’ या फोल्डरात असलेल्या ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये झाली आहे, आणि तिथे नोंद असलेल्या पोर्टला नेटवर्क मॅनेजर हात लावत नाही. ती फाइल प्रशासकाच्या अधिकाराने उघडून, आपल्या पोर्टचे नाव असलेल्या ओळींच्या आरंभी # हे चिन्ह घालावे. ‘एलओ’ नाव असलेल्या ओळी तशाच ठेवाव्यात. त्याआधी फाइलची एक प्रत काढून ठेवावी आणि शेवटी कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा.

प्रश्न : आमच्या गावी फायबर पोहोचलेले नाही, मोबाइलचाच आधार आहे. डेस्कटॉपला वायफाय नाही. काही मार्ग आहे का?
— एक वाचक, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : आहे, आणि तो सोपा आहे. अँड्रॉइड मोबाइल यूएसबी केबलने डेस्कटॉपला जोडून मोबाइलमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले की लिनक्सला ती तारेचीच जोडणी वाटते; पत्ता आपोआप मिळतो आणि वेगळे काही बसवावे लागत नाही. टेदरिंगचा पर्याय फिका दिसला तर केबल फक्त चार्जिंगची आहे असे समजून दुसरी लावावी. मोबाइलला घरात रेंज नसेल, पण ओसरीत किंवा गच्चीवर मिळत असेल, आणि घरात लिनक्सचा लॅपटॉप असेल, तर आणखी एक सोय आहे. लॅपटॉप वायफायने मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडावा, लॅपटॉप आणि डेस्कटॉप यांच्यामध्ये लॅन केबल लावावी आणि लॅपटॉपवरील तारेच्या जोडणीत आयपीव्ही४ साठी ‘शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स’ निवडावे. लॅपटॉप स्वतःला १०.४२.०.१ असा पत्ता घेतो आणि डेस्कटॉपला त्याच मालिकेतील पत्ता देतो. डेस्कटॉप ‘ऑटोमॅटिक’वरच राहू द्यावा. आजच्या पोर्टांना उलटसुलट जोडलेली खास केबल लागत नाही, साधी चालते. मोबाइलचा डेटा मोजका असतो, म्हणून अपडेट मॅनेजरमधील आपोआप होणारे अपडेट बंद ठेवून ते सवडीने स्वतः करावेत, मात्र टाळू नयेत.

प्रश्न : राउटरलाही पिंग होते, ८.८.८.८ लाही होते, नावालाही होते. तरी ब्राउझर प्रत्येक पानावर ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे म्हणतो.
— एक निवृत्त तलाठी, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : कोपऱ्यातील घड्याळ आणि तारीख पाहावी. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरील सेल संपला की लाइन गेल्यावर तारीख अनेक वर्षे मागे जाते. संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे ठरावीक तारखांमध्येच ग्राह्य असल्यामुळे ब्राउझर ती नाकारतो. तारीख हाताने बरोबर करावी, तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये एशिया-कोलकाता हा विभाग निवडून वेळ इंटरनेटवरून घेण्याचा पर्याय चालू करावा, आणि कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल बदलून घ्यावा. त्याच कॉम्प्युटरवर विंडोजही असेल आणि दर वेळी साडेपाच तासांचाच फरक पडत असेल, तर मात्र सेल चांगला आहे असे समजावे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स जागतिक वेळ ठेवते, त्यामुळे तो फरक येतो. टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा दिली की लिनक्सही स्थानिक वेळ वापरू लागते.